चिलटाचं डोकं कुठे येणार, हे अंड्यातच ठरतं : पेशीच्या सांगाड्याची गोष्ट

जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी, द्राक्षबागेत करप्यासाठी मारतात ते कार्बेन्डाझिम, आणि रक्ताच्या कर्करोगात शिरेतून देतात ते व्हिन्क्रिस्टीन. एक मेडिकलमधलं, एक कृषी सेवा केंद्रातलं, एक कॅन्सरच्या वॉर्डातलं. तिघांचं आपसात काही नातं असेल असं कुणाला वाटणार नाही. पण हे तिन्ही रेणू आपापल्या ठिकाणी पोचले की एकाच कुळातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. त्या प्रथिनाचं नाव ट्युब्युलिन.

हे ट्युब्युलिन आणि त्याचे सोबती पेशीत नेमकं काय करतात, हे पाहायची सर्वांत चांगली जागा जरा अनपेक्षित आहे : केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाचं अंडं. 'फळमाशीच्या अंड्यातल्या प्रथिनांवर संशोधन' अशी बातमी अधूनमधून पेपरात येते आणि वाचणारा मुकाट्याने पुढच्या पानावर जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण अशा बातम्या मधल्या पायऱ्या गाळून थेट निष्कर्षावर उडी मारतात. त्या गाळलेल्या पायऱ्या इथे एकेक करून चढू.

आधी माशी कोणती ते ठरवू

नाशिक जिल्ह्यात 'फळमाशी' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आंबा, पेरू किंवा कारलं नासवणारी माशी येते. तिच्यासाठी आपण बागेत सापळे टांगतो. ती वेगळी. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे ड्रोसोफिला, आपलं साधं चिलट : दोन-तीन मिलिमीटर लांब, डोळे लालभडक. हंगाम जोरात असताना वायनरीच्या मागच्या अंगाला द्राक्षाचा चोथा पडलेला असतो, त्याच्यावर ढगासारखी उठतात ती हीच. तिला चांगल्या फळात फारसा रस नसतो. आंबलेल्या फळावर वाढणारं यीस्ट हे तिचं खरं जेवण.

प्रयोगशाळेला ती सोयीची, कारण २५ अंश तापमानात अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण दहा दिवसांत उरकतो. चांगलं खायला मिळालं तर एक मादी दिवसाला पन्नासाहून अधिक अंडी घालू शकते. तिसरी सोय मात्र पाहूनच पटते. मादीला एक-दोन दिवस यीस्टची पेस्ट भरपूर खाऊ घालायची, बेशुद्ध करून काचेवर मिठाच्या सौम्य द्रावणाच्या थेंबात ठेवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक चिमट्यांनी पोटाचं टोक हळूच ओढायचं. दोन पांढुरके पुंजके बाहेर येतात. तेच अंडाशय. सुईने विंचरून मोकळे केले, तर प्रत्येकात सोळाच्या आसपास सुट्या सरी दिसतात. प्रत्येक सरीच्या निमुळत्या टोकाला नुकती जन्मलेली अंडपेशी, दुसऱ्या टोकाला घालायला तयार झालेलं अंडं, आणि मधे सगळे टप्पे ओळीने. वाढीचा साधारण आठवडाभराचा इतिहास एकाच काचेवर एका नजरेत.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पेशी म्हणजे एक गोल, मधे केंद्रक, आजूबाजूला थोडे ठिपके, आणि बाकी रिकामी जागा. ती जागा रिकामी नसते. तिथे प्रथिनांच्या धाग्यांचं आणि नळ्यांचं जाळं असतं. त्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. 'सांगाडा' म्हटल्यावर हाडांसारखं काही टणक, कायमचं डोळ्यांपुढे येतं, आणि तिथेच गफलत होते. दारातल्या लग्नाचा मांडव आठवा : बांबू आणि सुतळी. सकाळी उभा राहतो, संध्याकाळी सुटतो, आणि तेच बांबू दुसऱ्या दारात जातात. पेशीचा सांगाडा या जातीचा आहे.

बांबूच्या जागी सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिनचे कण एकावर एक चढून बनलेली, आतून खरोखरच पोकळ असलेली, २५ नॅनोमीटर जाडीची नळी. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) सुतळीच्या जागी अ‍ॅक्टिन. दोन पदर एकमेकांना पीळ घालून बनलेला, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचा धागा.

मांडवाच्या बांबूत आणि या नळीत दोन फरक आहेत. एक, ही नळी एका टोकाला सतत वाढत आणि झडत असते. दोन, तिला दिशा असते : वाढत्या टोकाला 'अधिक', दुसऱ्याला 'उणे' म्हणतात. या नळ्यांवरून माल वाहून नेणारी प्रथिनं चालतात, अगदी पावलं टाकत चालतात. त्यातलं कायनेसिन सहसा अधिक टोकाकडे जातं आणि डायनीन उणे टोकाकडे. म्हणजे बांबू कुठल्या दिशेने रोवला आहे, यावर माल कुठे पोचणार हे ठरतं. पुढची जवळजवळ सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

सोळा पेशी, अंडं एक

सरीच्या टोकाला मूळपेशी असतात. त्यांच्यातून निघालेली एक पेशी चार वेळा विभागते : २, ४, ८, १६. पण या विभागण्या पूर्ण होत नाहीत. दोन पेशींमधलं दार शेवटपर्यंत बंद होत नाही, एक भोक उघडंच राहतं. सोळा पेशी, पंधरा भोकं. भोकाच्या काठावर अ‍ॅक्टिनचं कडं बसतं आणि दार कायमचं उघडं ठेवतं. सुरुवातीला मायक्रोमीटरभरही नसलेलं हे कडं वाढत वाढत दहा मायक्रोमीटरपर्यंत जातं.

या सोळांतली एकच अंडं होते. उरलेल्या पंधरा तिच्या पोषक पेशी. कोणाची निवड होणार? सुरुवातीच्या दोन पेशींना प्रत्येकी चार भोकं असतात, बाकीच्यांना कमी. निवड या दोघींतूनच होते. सोळाही पेशींतून फांद्या फुटावी तशी एक रचना गेलेली असते. ती स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाने बनते, आणि या निवडीत तिचा हात असतो. स्पेक्ट्रिन आपल्याही ओळखीचं : आपल्या तांबड्या पेशींचा आकार तेच सांभाळतं, आणि त्यात किंवा त्याच्या जोडीदार प्रथिनांत दोष असला तर पेशी गोलमटोल होऊन लवकर फुटतात. आनुवंशिक रक्तक्षयाचा तो एक प्रकार आहे.

निवड पक्की करतात त्या मात्र सूक्ष्मनलिका. होऊ घातलेल्या अंडपेशीत त्यांची उणे टोकं रोवली जातात आणि अधिक टोकं भोकांतून शेजारच्या पेशींत पसरतात. मग डायनीन सगळ्या शेजाऱ्यांचा माल ओढून एकाच पेशीत आणू लागतं. माशीला कोल्चिसिन खाऊ घातलं, म्हणजे सूक्ष्मनलिका मोडणारं विष (आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं तेच), तर अंडं ठरतच नाही. सोळाच्या सोळा पेशी पोषक पेशी होतात. जेवणारं कुणी नाही आणि वाढणाऱ्या सोळा! डायनीनच्या सोबत्यांत बिघाड असलेल्या माश्यांत नेमकं हेच होतं. त्या सोबत्यांतला एक, बायकॉडल-डी, माणसातही आहे. आपल्या त्या जनुकाच्या एका प्रकारात बिघाड असला तर पायाचे स्नायू लहानपणापासून दुबळे राहतात, हे २०१३ मध्ये समोर आलं.

अर्ध्या तासात रिकाम्या होणाऱ्या पेशी

अंडपेशीचं स्वतःचं केंद्रक बहुतांशी गप्प असतं. लागणारा कच्चा माल, प्रथिनं, तंतुकणिका, नवी प्रथिनं कशी बनवायची याचे निरोप, सगळं पोषक पेशी बनवतात. त्यासाठी त्या न विभागता आपल्या डीएनएच्या शेकडो प्रती काढतात आणि फुगतात. कित्येक दिवस हा माल भोकांतून थोडा थोडा जात राहतो. मग शेवटी अचानक साधारण अर्ध्या तासात पंधराही पेशी आपलं उरलंसुरलं सगळं अंड्यात ओततात. अंड्याचा आकार दुपटीच्या घरात जातो, पोषक पेशी आकसतात, आणि आजूबाजूच्या पेशी त्यांचा निकाल लावतात.

इथे एक अडचण उभी राहते, आणि मला या सगळ्या विषयात तीच सर्वांत आवडते. पेशीतलं द्रव भोकाकडे वाहू लागलं की त्याबरोबर पेशीचं अवजड केंद्रकही वाहत येणार. आलं, तर भोकात बोळ्यासारखं बसणार. मग ते का बसत नाही? कारण ओतणं सुरू होण्याच्या जरा आधी अ‍ॅक्टिनचे जाड दोर तयार होतात. एक टोक पेशीच्या भिंतीला, दुसरं केंद्रकापर्यंत. सगळ्या बाजूंनी ताणलेल्या या दोरांच्या मधोमध केंद्रक अडकून राहतं आणि द्रव तेवढं निघून जातं.

हे कसं कळलं? दोर नसलेल्या माश्या सापडल्यामुळे. सिंज्ड, चिकाडी आणि क्वेल अशी या जनुकांची नावं. तिघांपैकी कुठलंही मोडलं तरी दोर नीट बनत नाहीत, केंद्रकं भोकांत जाऊन अडकतात आणि अंडं खुरटं राहतं. त्यातली सिंज्ड माशी नुसत्या भिंगातूनही ओळखू येते. तिच्या पाठीवरचे राठ केस सरळ नसतात. ज्योतीजवळ धरल्यावर आखडावेत तसे वाकडेतिकडे. त्या केसांच्या आतही अ‍ॅक्टिनच्या जुड्याच असतात. केस वाकडे आणि मादी वांझ, ही जोडी जुन्या अभ्यासकांना विचित्र वाटली असणार. कारण एकच निघालं : अ‍ॅक्टिनचे धागे जुडीत बांधणारं फॅसिन नावाचं प्रथिन. माणसातलं फॅसिन आज कर्करोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे, कारण शेजारच्या ऊतींत घुसणाऱ्या कित्येक गाठींच्या पेशींत ते वाढलेलं सापडतं.

पेशी रिकाम्या कशा होतात, याचं उत्तर बरीच वर्षं असं दिलं जायचं : आत मायोसिन असतं, आपल्या स्नायूंत असतं तसं, ते अ‍ॅक्टिन खेचतं आणि पेशी पिळून निघते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या गटाने दाखवलं की पहिला टप्पा पिळण्याचा नाहीच. लहान गोलातला दाब मोठ्या गोलातल्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून लहान पेशीतलं द्रव आपोआप मोठ्या पेशीकडे आणि शेवटी सगळ्यांत मोठ्या अंडपेशीत जातं. निम्म्याहून अधिक काम निव्वळ भौतिकशास्त्राने होतं. मायोसिनच्या लाटा नंतर येतात, उरलेलं साफ करायला.

निरोप कुठे पोचला, त्यावर डोकं ठरतं

आता मूळ प्रश्न. चिलटाच्या अंड्याला पुढची आणि मागची बाजू असते. पुढे डोकं, मागे पोट. हे कधी ठरतं? फलनाच्या आधी, अंडं आईच्या पोटात असतानाच.

कोविडच्या लशींमुळे एमआरएनए हा शब्द घराघरांत पोचला : प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप. अंड्यात असे हजारो प्रकारचे निरोप असतात, पण मोजक्यांचा मुक्काम पक्का असतो. बायकॉइड नावाचा निरोप पुढच्या टोकाला. ऑस्कर मागच्या टोकाला. आणि गुर्केन पुढच्या एका कोपऱ्यात, केंद्रकाला चिकटून. तो कोपरा म्हणजे पाठीची बाजू.

बायकॉइडपासून बनलेलं प्रथिन पुढच्या टोकाला दाट आणि मागे जावं तसं विरळ होत जातं, हे १९८८ मध्ये दाखवलं गेलं. गर्भातल्या पेशींना आपण कुठे आहोत हे त्या दाटीवरून कळतं. आईत बायकॉइड जनुक नसेल, तर पिल्लाला डोकं आणि छाती येतच नाही. पुढच्या टोकालाही शेपटीकडची रचना येते. ऑस्कर नसेल तर पोट नाही आणि पुढच्या पिढीच्या बीजपेशीही नाहीत.

१९९२ मधला एक प्रयोग माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत स्वच्छ प्रयोग आहे. ऑस्करच्या निरोपाचं शेपूट, म्हणजे मुक्काम ठरवणारा भाग, कापून त्याला बायकॉइडचं शेपूट जोडलं. मजकूर ऑस्करचा, पत्ता बायकॉइडचा. निरोप अर्थातच पुढे जाऊन बसला, आणि जिथे डोकं यायला हवं तिथे पोट आलं, बीजपेशीही तिथेच तयार झाल्या. एका टोकाला पोट, दुसऱ्या टोकालाही पोट.

पत्त्यावर पोचवतं कोण? सांगाडाच. अंडं मध्यम वयाचं झालं की सूक्ष्मनलिकांची मांडणी बदलते. उणे टोकं पुढच्या आणि कडेच्या भिंतींवर रोवली जातात, अधिक टोकं मागच्या बाजूला जरा जास्त. डायनीन बायकॉइडला पुढे ठेवतं, कायनेसिन ऑस्करला मागे नेतं.

'जरा जास्त' हे शब्द मुद्दाम वापरले. ऑस्करचे कण सरळ रेषेत मागे जात असतील, असं सगळ्यांना वाटायचं. २००८ मध्ये जिवंत अंड्यात या कणांचं चित्रीकरण झालं, तेव्हा दिसलं की ते सगळीकडे धावतात : पुढे, मागे, आडवे. मागच्या दिशेने जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यापेक्षा थोडंसंच अधिक. पण ही थोडीशी झुकती बाजू तासन्‌तास टिकते, आणि मागे पोचलेला कण तिथे बांधून ठेवला जातो. तेवढ्याने निरोप पोचतो. नियोजनबद्ध दिसणारा परिणाम मिळायला प्रत्येक पाऊल नियोजनबद्ध असावं लागत नाही.

सुतळीचं काम इथेही आहे. वाढ संपत आली की अंड्यातलं द्रव गरागरा फिरू लागतं. पोषक पेशींनी ओतलेलं नीट मिसळावं म्हणून. पण हे फिरणं वेळेआधी सुरू झालं, तर ऑस्करचे कण बांधले जाण्याआधीच भरकटतील. म्हणून तोवर अ‍ॅक्टिनचं एक विरळ जाळं अंडभर पसरलेलं असतं आणि द्रवाला आवर घालतं. स्पायर आणि कॅपुचिनो ही दोन प्रथिनं ते विणतात. (माशीच्या जनुकांची नावं ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीवर वेगळा लेख होईल.) दोघांपैकी एक जरी मोडलं तरी जाळं नाही, द्रव लवकर फिरायला लागतं, ऑस्कर मागे टिकत नाही आणि पिल्लाला पोट येत नाही.

अंडं लांबट का असतं

याचं उत्तर थोडक्यात. अंडपेशी आणि पोषक पेशींभोवती बारीक पेशींचं आवरण असतं. वाढीच्या पहिल्या काळात हे आवरण आतल्या सगळ्या गोतावळ्यासकट स्वतःभोवती फिरत राहतं. २०११ पर्यंत हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण सगळे मारलेल्या, रंगवलेल्या अंड्यांकडे पाहत होते. फिरता फिरता या पेशी अंड्याभोवती आडवे कोलॅजनचे धागे सोडतात आणि त्यांच्या आतले अ‍ॅक्टिनचे पट्टेही आडवेच लागतात. कंबर आवळली गेल्यामुळे वाढीला वाट उरते ती लांबीची. फिरणं थांबवलं की अंडं गोल.

'पण सगळं जनुकंच ठरवतात ना?'

ठरवतात, प्रश्न कुणाची जनुकं, हा आहे. बायकॉइड नसलेल्या मादीचा निरोगी नराशी संग झाला, तर पिल्लाला बापाकडून चांगलं जनुक मिळतं. तरीही ते डोक्याविना मरतं. कारण निरोप अंड्यात ठेवायची वेळ फलनाच्या आधीच निघून गेलेली असते आणि ठेवणारी आई होती. उलट, पिल्लाच्या स्वतःच्या वाट्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या पण आईकडे एक चांगली प्रत असली, तर त्याला डोकं व्यवस्थित येतं. याला मातृप्रभाव म्हणतात. गर्भाचा आराखडा जनुकं कसा घडवतात, हे चिलटात शोधल्याबद्दल क्रिस्टियाना न्यूसलाइन-फोलहार्ड, एरिक वीशाउस आणि एडवर्ड लुइस यांना १९९५ चं नोबेल मिळालं.

आणि जनुक एकटं काही करत नाही. बायकॉइडचा निरोप अक्षर न अक्षर बरोबर असला तरी रोवलेले बांबू उलटे असतील, तर तो भलतीकडेच जाईल.

'मग ही औषधं आपल्याच पेशी का मोडत नाहीत?'

पेशीत केंद्रक असलेल्या जवळजवळ सगळ्या सजीवांत ट्युब्युलिन आहे, पण थोडं थोडं वेगळं. अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटतं, आपल्याला सैल; शिवाय गोळीचा थोडाच भाग आतड्यातून रक्तात जातो. तरीही गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती टाळतात, कारण गर्भाच्या पेशी झपाट्याने विभागत असतात आणि प्रत्येक विभागणीला सूक्ष्मनलिका लागतात. सदाफुलीतून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनला असा भेदभाव जमत नाही. ते कर्करोगाच्या पेशीला गाठतं तसं आपल्या मज्जातंतूंनाही, आणि रुग्णाच्या बोटांना मुंग्या येतात. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत गेलेल्या मज्जातंतूत मालवाहतूक सूक्ष्मनलिकांवरूनच चालते. वाट जितकी लांब, तितका फटका मोठा. म्हणून मुंग्या आधी हातापायांच्या टोकांना.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने मला विचारलं होतं, "सर, कार्बेन्डाझिम आमच्या वडिलांच्या काळात करप्यावर जसं चालायचं तसं आता चालत नाही. औषधात भेसळ, का बुरशीच हुशार झाली?" भेसळीचं मला सांगता येत नाही, पण दुसरी शक्यता पुरेपूर खरी आहे. ट्युब्युलिन ही साधारण साडेचारशे दुव्यांची साखळी. कित्येक बुरशींत त्यातला १९८ व्या क्रमांकाचा एकच दुवा बदलतो आणि कार्बेन्डाझिमला धरायला जागा उरत नाही. नळी मात्र पूर्वीसारखीच बनते. शेळ्यामेंढ्यांच्या जंतांत असाच बदल बहुधा २०० व्या दुव्यावर होतो. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की बदललेल्या बुरशीलाच रान मोकळं मिळतं. म्हणून औषधाचा गट बदलत राहायला सांगतात. नुसतं कंपनीचं नाव बदलून उपयोग नाही, आतला घटक कुठल्या गटातला ते पाहावं लागतं. द्राक्षाच्या दुसऱ्या एका रोगावर, डावणीवर, कार्बेन्डाझिम मुळातच चालत नाही, हे बागायतदारांना सांगायला नको. डावणी आणणारा जीव बुरशीसारखा दिसत असला तरी खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही.

'चिलटांवर सरकारी पैसा कशाला?'

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी भर भाषणात फ्रान्समधल्या फळमाशीच्या संशोधनावर होणाऱ्या खर्चाची टर उडवली. शास्त्रज्ञ चिलटाची बाजू घेऊन तुटून पडले. गंमत अशी की तो खर्च चिलटावर नव्हताच. ऑलिव्हच्या बागा नासवणाऱ्या फळमाशीवर होता, म्हणजे आपल्या आंबा-पेरूवरच्या माशीच्या भावकीतली. दोन्ही बाजूंची माशी चुकली. शेतकऱ्यांच्या कामाचं संशोधनच तेवढं हसण्यावारी गेलं.

तरी प्रश्न टाकाऊ नाही, आणि 'मूलभूत संशोधन महत्त्वाचं असतं' हे त्याचं उत्तर नव्हे. उत्तर असं : चिलटाच्या अंड्यात दोन दिवसांत आणि काही रुपयांच्या यीस्टवर जे पाहता येतं, ते माणसाच्या अंड्यात पाहणं बहुतेक वेळा अशक्य असतं आणि पुष्कळदा अनैतिकही. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर, बंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थांत या माश्यांवर काम चालतं. मोठ्या यंत्रांच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. मात्र चिलटात सापडलेली प्रत्येक गोष्ट माणसाला लागू पडते असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नये. कारण पुढे आहे.

'माणसाच्या अंड्याचं काय?'

माणसाच्या अंड्यात डोकं-शेपूट आधी ठरलेलं नसतं. सुरुवातीचा गर्भ दुभंगून दोन सारखी जुळी होऊ शकतात, हाच त्याचा पुरावा. पुढचा-मागचा भाग आधीच नेमलेला असता तर दोन धड बाळं झालीच नसती. आपल्याला बायकॉइडही नाही. म्हणजे आराखडा वेगळा आहे, पण बांबू-सुतळी तीच.

आपलं अंडं पक्व होताना फार असमान विभागतं : जवळजवळ सगळा ऐवज एका बाजूला आणि अर्धी गुणसूत्रं घेतलेली एक इवलीशी पेशी टाकून देण्यासाठी दुसऱ्या बाजूला. त्यासाठी विभागणीची सगळी यंत्रणा अंड्याच्या मध्यापासून कडेला सरकावी लागते. उंदरांत हे सरकवण्याचं काम अ‍ॅक्टिनचं जाळं करतं, आणि ते जाळं विणतात फॉर्मिन-२ आणि स्पायर, म्हणजे कॅपुचिनोचं सस्तन प्राण्यांतलं भावंड आणि दुसरा तर त्याच नावाचा. फॉर्मिन-२ नसलेल्या उंदराच्या मादीत यंत्रणा मधेच अडकून राहते आणि तिला पिल्लं होणं अवघड होऊन बसतं.

टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या आता नाशिकमध्ये जागोजागी दिसतात. तिथे येणाऱ्या काही मोजक्या स्त्रियांच्या बाबतीत अंडी मिळतात, पण एकही पक्व होत नाही, आणि कारण सापडत नाही. २०१६ मध्ये चीनमधल्या अशा काही कुटुंबांत कारण सापडलं : ट्युब्युलिनच्याच एका प्रकारात, टीयूबीबी-८ मध्ये, बिघाड. हा प्रकार फक्त माकडं, वानर आणि माणूस यांच्या कुळात आहे. चिलटात तो नाहीच. तरीही एक ट्युब्युलिन बिघडलं तर अंडं कुठे अडेल, हा अंदाज बांधायला चिलटावरच्या कामाची मदत झाली नसती तर नवल. त्या स्त्रियांना याने लगेच मूल झालं नाही. पण पुन्हा पुन्हा इंजेक्शनं आणि खर्च करून स्वतःची अंडी काढत राहण्यात अर्थ आहे का, याचं उत्तर तपासणीने मिळू लागलं.

आणि पोषक पेशी? त्या कीटकांच्याच, आपल्याकडे तसलं काही नाही, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. पण उंदराच्या गर्भातल्या अंडाशयातही बीजपेशी भोकांनी जोडलेल्या गटांत असतात. २०१६ मध्ये दिसलं की त्यातल्या बहुतेक आपल्या तंतुकणिका आणि इतर ऐवज मोजक्या शेजारणींना देऊन टाकतात आणि मरतात. साधारण पाचातली एक अंडं होते. ऐवज हलवायला इथेही सूक्ष्मनलिका लागतात. मुलीच्या अंडाशयात, ती आईच्या पोटात साधारण वीस आठवड्यांची असताना, साठ ते सत्तर लाख बीजपेशी असतात आणि जन्माच्या वेळी त्यातल्या दहा ते वीस लाख उरतात. बाकीच्या बिघडलेल्या म्हणून मरतात, अशी आजवरची समजूत होती. त्यातल्या काही आपला ऐवज देऊन मरत असतील का, हा प्रश्न आता माणसाच्या बाबतीतही विचारला जातो आहे.